डोक्याला मार लागला आणि कान वाजू लागले: पहिल्या तासापासून पहिल्या सहा महिन्यांपर्यंत काय करायचं

दुचाकीवरून पडलेल्या माणसाचा मेंदूचा सीटी स्कॅन नॉर्मल आला की घरच्यांच्या जिवात जीव येतो. टाके पडलेले असतात, हातपाय शाबूत असतात, एक-दोन दिवसांत डिस्चार्ज मिळतो. घरी आल्यावर रात्री सगळं शांत झालं की पेशंट सांगतो, "कानात सारखी शिट्टी वाजतेय." कुणी म्हणतं अशक्तपणा असेल, कुणी म्हणतं औषधं उष्ण पडली, आणि कान तसाच राहून जातो. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ आहे. अपघातानंतर कितीतरी महिन्यांनी ऐकण्याच्या तपासणीला आलेली माणसं बघते तेव्हा एक गोष्ट फार लागते. त्यांच्यातल्या अनेकांचा कान पहिल्या आठवड्यात कुणी बघितलेलाच नसतो.

मेंदूचा सीटी नॉर्मल आहे एवढ्यावरून कानाबद्दल काहीच ठरत नाही. तो स्कॅन मेंदूतला रक्तस्राव शोधण्यासाठी काढलेला असतो. कानाच्या हाडातली बारीक चीर त्यात निसटू शकते, आणि आतल्या कानाला बसलेला हादरा तर कुठल्याच सीटीत दिसत नाही. त्यामुळे कानाची तपासणी आपणहून मागून घ्यावी लागते. ती कधी, कुठे आणि कशी, ते आता क्रमाने बघू.

आधी समजून घ्या: आवाज कुठून येतो

कान कानशिलाच्या हाडात बसवलेला आहे. डोक्याच्या बाजूवर जोराचा मार बसला की त्या हाडातून धक्का थेट कानात जातो. मधल्या कानात रक्त साठू शकतं किंवा पडदा फाटू शकतो. हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्या हाडांची साखळीही निखळू शकते, आणि त्यात बहुतेकदा ऐरण सरकते. अशा वेळी कान दडपल्यासारखा वाटतो, आवाज लांबून आल्यासारखे ऐकू येतात आणि बाहेरचे आवाज कमी झाल्यामुळे आतला आवाज मोठा भासतो. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, कारण यातलं बरंचसं आपोआप भरून येतं किंवा ऑपरेशनने दुरुस्त होतं.

आतल्या कानाची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या शंखासारख्या भागाच्या, म्हणजे कॉक्लियाच्या, वळणांमध्ये ऐकण्याच्या केसपेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हाड न मोडताही नुसत्या हादऱ्याने त्या दुखावतात, आणि जास्त करून उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशींना आधी इजा होते. म्हणूनच अशा पेशंटच्या कानातला आवाज बहुधा बारीक शिट्टीसारखा किंवा रातकिड्यांसारखा असतो.

तिसरा भाग मेंदूचा. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदूतली ऐकण्याची केंद्रं स्वतःची संवेदनशीलता वाढवतात, आणि तिथल्या पेशींची एरवी न जाणवणारी हालचाल आवाज म्हणून जाणवायला लागते. अपघाताची भीती, अपुरी झोप आणि डोकेदुखी यांनी ती जाणीव आणखी धारदार होते. मानेचे आणि जबड्याचे संदेशही मेंदूच्या तळाशी ऐकण्याच्या मार्गाला येऊन मिळतात. त्यामुळे मान लचकली, जबड्याचा सांधा दुखावला, तरी कान पूर्ण ठीक असताना आवाज येऊ शकतो.

शेवटचं कारण दुर्मीळ आहे, पण सगळ्यांत धोक्याचं. ते म्हणजे रक्तवाहिनीला झालेली इजा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पहिले काही तास

या वेळी कानातल्या आवाजापेक्षा जीव महत्त्वाचा. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि थेट अपघात विभागात न्या:

- शुद्ध हरपणं, थोडा वेळ का होईना
- पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं
- फिट येणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणं
- कानातून रक्त किंवा नाका-कानातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव
- चेहरा एका बाजूला वाकडा होणं
- पेशंट रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल किंवा वय ६५ च्या पुढे असेल, तर किरकोळ वाटणारा मारही

स्वच्छ पाण्याकडे लोक सर्दी म्हणून दुर्लक्ष करतात. पुढे वाकल्यावर नाकातून थेंब थेंब गळत असेल, घशात खारट चव येत असेल, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. ती वाट उघडी राहिली तर जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात. अशा पेशंटने नाक शिंकरायचं नाही. डोकं उंचावर ठेवून झोपायचं, पण मानेला इजा नसल्याची डॉक्टरांनी खात्री केल्यानंतरच. त्याआधी मान हलवायची नाही.

कानात काहीही घालू नका. कोमट तेल, लसणीचं तेल, घरात पडलेले थेंब, कापसाचा बोळा, यातलं काहीच नको. आपल्याकडे कान दुखला की तेलाची वाटी आधी पुढे येते आणि ती मायेनेच येते, हे मला ठाऊक आहे. पण पडदा फाटलेला असेल तर ते तेल थेट मधल्या कानात जातं आणि जंतुसंसर्ग होतो. रक्त येत असेल तर कानावर स्वच्छ कापड हलकं ठेवा, आत कोंबू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केस बाजूला करून कानामागे बघा. तिथे निळं-काळं पडलं असेल तर कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची ती खूण आहे. ती लगेच दिसत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या तपासणीत नोंदली जात नाही.

चेहरा वाकडा झाला असेल तर तो नेमका कधी झाला ते लिहून ठेवा. चेहऱ्याची नस कानाच्या हाडातूनच जाते. मार लागल्या क्षणीच चेहरा पूर्ण लुळा पडला असेल तर नस तुटल्याची शंका घेतात आणि ऑपरेशनचा विचार होतो. दोन दिवसांनी हळूहळू वाकडा झाला असेल तर बहुधा सूज असते आणि सुधारण्याची आशा चांगली असते. सर्जनचा निर्णय या वेळेवर बराच अवलंबून असतो, आणि ती वेळ फक्त घरचेच सांगू शकतात.

पहिल्या तीन दिवसांत कान तपासून घ्या

पेशंट शुद्धीवर असेल आणि बोलत असेल तर वॉर्डमध्येच एक सोपी चाचणी करता येते. तोंड मिटून "हंऽऽ" असा सूर धरायला सांगा आणि तो कुठल्या कानात मोठा ऐकू येतो ते विचारा. मार लागलेल्या, दडपलेल्या कानात मोठा आला तर दोष बहुधा मधल्या कानात आहे. चांगल्या कानात मोठा आला तर आतला कान दुखावला असण्याची शक्यता जास्त, आणि मग घाई करायची. ही चाचणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. मात्र "कानाचं नंतर बघू" असं उत्तर मिळालं तर आग्रह धरायला तिचा उपयोग होतो.

कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने पडदा बघतील, ट्यूनिंग फोर्क लावतील आणि ऑडिओग्रामला पाठवतील. ऑडिओग्राम म्हणजे आवाजबंद खोलीत हेडफोन लावून करायची ऐकण्याची चाचणी. मोठ्या माणसात २५ डेसिबलपर्यंत नॉर्मल धरतात. त्या कागदावर हवेतून ऐकण्याची आणि हाडातून ऐकण्याची अशा दोन रेषा असतात. दोन्हींत अंतर असेल तर दोष मधल्या कानात. दोन्ही मिळून खाली गेल्या असतील तर आतल्या कानात. हा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. पेशंट गुंगीत असेल तर बेरा नावाची चाचणी होते, तिला उत्तर द्यावं लागत नाही.

ऐकणं अचानक कमी झालं असेल तर एकेक दिवस मोलाचा असतो. ज्याचं कारण सापडत नाही अशा अचानक बहिरेपणात स्टिरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर फायद्याची शक्यता सर्वांत जास्त असते. त्याच अनुभवावरून अपघातानंतरच्या आतल्या कानाच्या इजेतही अनेक तज्ज्ञ ते देतात. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: हे औषध मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका. डोक्याला मोठा मार लागलेल्या १०,००८ पेशंटवर क्रॅश नावाची चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले आणि जास्त मात्रेतलं स्टिरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू वाढलेले दिसले. म्हणून कानाचे डॉक्टर आणि न्यूरोसर्जन यांनी एकमेकांशी बोलूनच हा निर्णय घ्यायला हवा. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष हवंच. तोंडाने औषध देणं योग्य नसेल तर पडद्यातून मधल्या कानात इंजेक्शन देण्याचाही पर्याय असतो.

डिस्चार्ज कार्डावरची औषधंही डॉक्टरांना दाखवा. अमिकासिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स, शिरेतून दिलेलं लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध आणि मोठ्या मात्रेतलं अॅस्पिरिन यांनी कान वाजू शकतात. स्वतःहून काही बंद करू नका, फक्त विचारा.

खर्चाची अडचण असेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जेजे, पुण्यात ससून, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) इथे कानाचे विभाग आहेत. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ऐकण्याच्या तपासण्यांसाठी आणि श्रवणयंत्रासाठी आहे. गावाकडच्यांनी आधी जिल्हा रुग्णालय गाठावं.

अपघात रस्त्यावरचा असेल तर रुग्णालयात एमएलसी, म्हणजे कायदेशीर कामासाठीची वैद्यकीय नोंद झाली आहे ना, ते बघा आणि तिच्यात कानाची तक्रार लिहायला सांगा. नंतर नुकसानभरपाई मागताना "हा त्रास अपघातामुळेच झाला" हे सिद्ध करायला सुरुवातीचा ऑडिओग्राम सगळ्यांत उपयोगी पडतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा वकिलाला लवकर भेटा.

आवाज कसा आहे ते ओळखा

डॉक्टरांकडे "कान वाजतो" एवढंच सांगितलं तर त्यांच्या हाती काही लागत नाही. घरी शांत बसून पुढच्या गोष्टी तपासा आणि लिहून न्या.

आवाज सलग आहे की नाडीच्या ठोक्याबरोबर? मनगटावर बोट ठेवा आणि ऐका. "धस्स-धस्स" असा आवाज नाडीशी जुळत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी आतून फाटली असेल तर असा आवाज येतो. सोबत मान किंवा डोळ्यामागची बाजू दुखते, एक पापणी खाली येते आणि त्या डोळ्याची बाहुली लहान दिसते. अशा फाटण्यातून पक्षाघात होऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात धमनी डोळ्यामागच्या शिरेत फुटते. डोळा लाल होतो, पुढे येतो, दोन-दोन दिसतं. हे अपघातानंतर काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतं, त्यामुळे "आता तर बरा झाला होता" असं म्हणत घरचे गोंधळतात. अँजिओग्राफीत हे कळतं, आणि बऱ्याच वेळा डोकं न उघडता, रक्तवाहिनीतून तार नेऊन ते बंद करता येतं. आवाज थांबतो का बघायला मानेची शीर दाबून पाहायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. फाटलेल्या धमनीवर दाब देणं जिवावर बेतू शकतं.

जबडा आवळला, मान वळवली, कानाजवळचा स्नायू दाबला की आवाज बदलतो का? बदलत असेल तर ती चांगली बातमी समजा, कारण फिजिओथेरपिस्ट आणि दातांचे डॉक्टर इथे खरी मदत करू शकतात. रात्री दात खाण्याची सवय असेल तर तीही सांगा.

खोकलं, शिंकलं, शौचाला जोर केला की आवाज आणि चक्कर वाढते का? तर आतल्या कानातलं पाणी झिरपत असल्याची शंका घेतात. तपासणी होईपर्यंत वजन उचलू नका आणि बद्धकोष्ठता होऊ देऊ नका.

पलंगावर कूस बदलताच घर गरगर फिरतं का? आतल्या कानातले कण जागा सोडून गेल्याने हे होतं आणि डोक्याला मार लागल्यानंतर ते वरचेवर दिसतं. डोकं ठराविक क्रमाने वळवण्याच्या एप्ली पद्धतीने ते बहुधा काही बैठकांत जातं. मात्र मान सुरक्षित आहे हे ठरल्याशिवाय व्हिडिओ बघून घरी करू नका.

टकटक असा आवाज असेल तर तो स्नायूंचा किंवा जबड्याच्या सांध्याचा असतो. त्रासदायक, पण धोकादायक नाही.

पुढचे तीन महिने

पडद्याला पडलेलं भोक बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत आपोआप बुजतं. तेवढा काळ कान कोरडा ठेवणं हे एकच काम. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा, पोहणं बंद. मधल्या कानातलं रक्तही काही आठवड्यांत शोषलं जातं.

सहा ते आठ आठवड्यांनी ऑडिओग्राम पुन्हा करा. हीच पायरी सर्वांत जास्त वेळा चुकते, कारण तोवर जखमा भरलेल्या असतात आणि माणूस कामाला लागलेला असतो. पडदा बुजला, रक्त गेलं, तरी हवेच्या आणि हाडाच्या रेषांमधलं अंतर ५०-६० डेसिबल राहिलं, तर हाडांची साखळी तुटलेली असण्याची दाट शक्यता. मग कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी काढतात आणि साखळी ऑपरेशनने जोडता येते. ऐकणं परतलं की अनेकांचा आवाजही मागे हटतो.

विश्रांतीबद्दल गैरसमज आहे. सौम्य मारानंतर एक-दोन दिवस शांत राहायचं आणि मग झेपेल तसं हिंडाफिरायला लागायचं. पडदे ओढून, मोबाईल बंद करून महिनाभर अंधारात पडून राहिलं तर शांततेत आवाज आणखी मोठा होतो आणि मन तिथेच अडकतं.

वयस्कर माणसांच्या बाबतीत या काळात डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. कवटीच्या आत संथ रक्तस्राव असेल तर तो काही आठवड्यांनी डोकं वर काढतो. चालताना तोल जाणं, विसराळूपणा, वाढती डोकेदुखी दिसली तर नवा स्कॅन हवा.

आवाज राहिलाच तर

तीन महिने झाले, धोक्याची कारणं तपासून झाली, आवाज तरीही आहे. या टप्प्यावर "आता याच्यासोबत जगा" असं म्हणून माणसाला घरी पाठवणं मला फार अन्यायाचं वाटतं, कारण करण्यासारखं पुष्कळ असतं.

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकणं ठीक असलेल्या ८० प्रौढांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यांच्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले. म्हणजे आतले आवाज जवळजवळ सगळ्यांकडे असतात, फरक मेंदू त्यांना किती महत्त्व देतो यात पडतो. उपचाराचा रोख तिथेच आहे.

ऐकणं कमी झालं असेल तर श्रवणयंत्र आधी लावून बघा. बाहेरचे आवाज परत मिळाले की मेंदूची ती वाढलेली संवेदनशीलता खाली येऊ लागते. रात्री खोलीत पंख्याचा, पावसाचा किंवा तानपुऱ्याचा मंद आवाज ठेवा. तो कानातल्या आवाजापेक्षा किंचित लहान असावा. आतला आवाज पूर्ण झाकून टाकला तर मेंदूला त्याची सवय होत नाही. इअरफोन मोठ्याने लावणं तर अजिबात नको.

त्रासावर सर्वांत चांगला पुरावा आहे तो संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धतीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या सीबीटीचा. ती आवाज बंद करत नाही. आवाजामुळे येणारी घाबरगुंडी, चिडचिड आणि झोपमोड कमी करते, आणि काही आठवड्यांनी माणसाला जाणवतं की दुपारभर त्याकडे लक्षच गेलं नाही. प्रगती मोजायला २५ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, टीएचआय. गुण ० ते १००. सुरुवातीला आणि दर दोन महिन्यांनी ती भरा.

गोळ्यांचं काय? कानातला आवाज घालवणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. जिंको या झाडाच्या अर्काच्या आणि झिंकच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात, पण अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत त्या देऊ नयेत असं म्हटलं आहे. नैराश्य, मायग्रेन किंवा निद्रानाश असेल तर त्यावरची औषधं मात्र जरूर घ्या. ते बरं झालं की आवाजही सोसवतो.

काहींना मारानंतर साधे आवाजही टोचतात. भांडी आपटली, कुकरची शिट्टी झाली की अंगावर काटा येतो. म्हणून दिवसभर कानात बोळे घालून बसू नका, त्याने कान आणखी हळवा होतो. गणपतीची मिरवणूक, ढोल-ताशा, डीजे, फटाके अशा ठिकाणी मात्र इअरप्लग हवेतच, आणि पहिल्या वर्षी लांबूनच दर्शन घेतलेलं बरं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात.

घरच्यांसाठी दोन शब्द. हा आवाज दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही, त्यामुळे पेशंट फार एकटा पडतो. "मनाचे खेळ आहेत" असं कधीही म्हणू नका. सारखं "आता कसा आहे आवाज?" असंही विचारू नका, त्याने लक्ष पुन्हा तिथेच जातं. चिडचिड वाढली, जेवण सुटलं, जगणं नकोसं झाल्याचं बोलणं आलं तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर दिवसा-रात्री केव्हाही फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

गाडीवर पुन्हा बसायचं ते चक्कर पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर. हेल्मेट नवं घ्या, आयएसआय खुणेचं, आणि पट्टा लावूनच. अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतून निकामी झालेलं असतं.

सहाव्या महिन्याला आणि वर्षाने एकदा ऑडिओग्राम करून जुन्या कागदाशी ताडून बघा. मधल्या काळात ऐकणं एकदम कमी झालं, आवाज नाडीबरोबर ठोकू लागला, नाकातून स्वच्छ पाणी गळू लागलं किंवा ताप येऊन मान ताठली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि जुन्या माराबद्दल सांगा, कितीही महिने झालेले असले तरी.